किल्लीचं घड्याळ टाकून देऊ नका

कळमनुरीच्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, ‘दिवाळीची आवराआवर करताना पेटीच्या तळाशी सासऱ्यांचं किल्लीचं एचएमटी घड्याळ सापडलं. बंद आहे. मुलगा म्हणतो, मोबाइलात वेळ दिसते, हे कशाला ठेवायचं? बाजारात दाखवलं तर दुकानदार म्हणाला, जुनी डायल काढून निळी टाकतो, पॉलिश मारतो, नव्यासारखं करून देतो. काय करावं?’

ताई, एका वाक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: आतून दुरुस्त करून घ्या, पण तोंड बदलू देऊ नका. असं का, ते मात्र जरा सविस्तर सांगते. कारण ह्या बाबतीत मी एकदा हात पोळून घेतलेला आहे.

माझ्या वडिलांचंही असंच घड्याळ होतं. ते गेल्यावर आईनं ते मला दिलं. मी मोठ्या हौसेनं एका दुकानात टाकलं आणि म्हटलं, “छान नवं करून द्या.” आठ दिवसांनी मिळालं ते खरोखरच नवं होतं. झगझगीत हिरवी तबकडी, सोनेरी काटे. वडिलांच्या घड्याळाचा तो पांढरा चेहरा, बाराच्या खुणेजवळचा बारीकसा डाग, काही म्हणजे काही उरलं नव्हतं. जुनी तबकडी मागितली तर “ती फेकली हो” असं उत्तर आलं. दुकानदाराला तरी काय बोलणार? ‘नवं करा’ असं मीच सांगितलं होतं. आईनं घड्याळ हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि “छान आहे” म्हणून परत दिलं. पुन्हा कधी पाहायला मागितलं नाही.

त्यामुळे गेल्या वर्षी सासूबाईंच्या ट्रंकेतून दुसरं घड्याळ निघालं, तेव्हा मी सावध होते. हे आमच्या मामंजींचं, एचएमटीचं ‘जनता’. १९७४ साली लग्नात सासूबाईंच्या वडिलांनी जावयाला दिलेलं. ‘दिलेलं’ हा शब्द आपला बोलायचा. खरं म्हणजे मागून घेतलेलं. त्या काळी आपल्या भागात सायकल, रेडिओ आणि घड्याळ ह्या तीन वस्तूंवर लग्नं ठरत आणि मोडतही. बहात्तरचा दुष्काळ नुकता सरला होता. सासूबाईंचे वडील दुष्काळी कामावर खडी फोडून घर चालवत होते. घरात दोन शेळ्या होत्या, त्या विकून घड्याळ आलं. सासूबाईंना हे सगळं अजून पाठ आहे. त्या म्हणतात, “घड्याळ आलं आन् घरातलं दूध गेलं.”

ह्यात घड्याळाचा काही दोष नाही बरं का. उलट ते घड्याळ साध्या माणसासाठीच निघालेलं होतं. १९६१ साली हिंदुस्थान मशीन टूल्स ह्या सरकारी कारखान्यानं जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगलोरला घड्याळांचा कारखाना उभा केला. त्याआधी चांगलं मनगटी घड्याळ म्हटलं की ते परदेशी, आणि परदेशी म्हटलं की ते वकील-डॉक्टरांच्या हातात. ‘जनता’, ‘पायलट’, ‘कोहिनूर’, ‘सोना’ अशी नावं घेऊन ही देशी घड्याळं शिक्षक, कारकून, तलाठी, कंडक्टर यांच्या मनगटावर आली. आणि योगायोग पाहा, हुंडाबंदीचा कायदाही १९६१ सालचाच! एकाच वर्षी सरकारनं हुंडा बंद केला आणि हुंड्यात मागायला एक वस्तूही तयार केली, असं आमच्या सासूबाई हसत हसत म्हणतात.

ह्या तीन अक्षरांवर लोकांचा किती भरवसा होता, ते तुमच्या स्वयंपाकघरातच दिसेल. वाण्याकडून आपण ‘एचएमटी’ तांदूळ आणतो ना? तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात, नांदेड नावाच्या छोट्या गावात दादाजी खोब्रागडे ह्या शेतकऱ्यानं निवडून निवडून तयार केलेला वाण. (हे आपल्या शेजारचं नांदेड नव्हे!) नवा तांदूळ बाजारात आला तेव्हा त्याला नाव मिळालं ते त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळाचं. चांगल्या मालाला घड्याळाचं नाव द्यावं, एवढी त्या घड्याळाची पत होती. दादाजी २०१८ साली गेले. आणि घड्याळांची ती कंपनी बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारनं त्याच्या दोन वर्षं आधी, २०१६ साली घेतला. म्हणजे आपल्या पेट्यांमधून जी घड्याळं आहेत, ती आता जपायचीच.

असो. तर हे ‘जनता’ घेऊन मी हिंगोलीतल्या एका वयस्कर घड्याळजींकडे गेले. दुकान कसलं, दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर एक काचेची पेटी, एक दिवा आणि एक स्टूल. मी आधीच बजावलं, “काका, नवं काही करायचं नाही. फक्त चालू करा.” त्यांनी घड्याळ कानाला लावलं, पालथं केलं, मग डोळ्याचं भिंग काढून माझ्यापुढे धरलं. “बाई, तुम्ही ह्याच्यात नुसती वेळ बघता. एकदा घड्याळ बघा.”

खरं सांगते, इतकी वर्षं घरात असलेली वस्तू मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

तबकडीवर देवनागरीत लिहिलेलं ‘जनता’. अक्षरं मोहरीएवढी, पण भिंगातून पाहिलं तर एकाही अक्षराची कड फुटलेली नाही. तासांच्या खुणा मला छापलेल्या वाटत होत्या. त्या धातूच्या बारीक पट्ट्या निघाल्या, वेगळ्या करून बसवलेल्या, म्हणून तर घड्याळ जरा कललं की एकेक खूण चमकते. मिनिटकाटा बरोबर मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतो, त्यांच्या पुढेही नाही आणि मागेही नाही. काका म्हणाले, “काटे बदललेले असले की इथं कळतं. एकतर आखूड पडतात, नाही तर बाहेर जातात.” रांगोळीत ठिपक्याला रेघ जशी नेमकी टेकावी, तसंच हे.

तबकडीला एक फिकट पिवळी छटा आली होती. सासूबाईंच्या मते ती हळदीची. त्यांचं सासर वसमतजवळच्या खेड्यात, शेतात हळद. कढईत हळद शिजवायला घातली की मामंजी घड्याळ काढून खांबाच्या खिळ्याला अडकवत आणि सासूबाईंना नजर ठेवायला सांगत. पाऊण तास, तासभर. कमी शिजली तर वाळवताना त्रास, जास्त शिजली तर रंग जातो. शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या सासूबाई घड्याळ वाचायला शिकल्या त्या अशा, हळदीच्या कढईपुढे उभ्या राहून. आणि ‘ज’, ‘न’, ‘ता’ ही त्यांनी ओळखलेली पहिली अक्षरं. काकांनी मात्र सांगितलं की ही हळद नव्हे, तबकडीवरचं वार्निश वर्षं गेली की असं पिवळं पडतं. मी हे घरी सांगितलेलं नाही.

मग त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत नक्षीकाम काही नाही. महागड्या घड्याळांच्या आत म्हणे वेलबुट्टी असते. इथं सगळं साधं, पण नीटनेटकं, धुऊन पुसून लावलेल्या मांडणीसारखं. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं असतं ना, ते हे: धातूच्या पट्ट्यांमध्ये बसवलेले लाल थेंब. ते माणिकच असतात, पण खाणीतले नव्हेत, कृत्रिम. व्हर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं असं माणिक तयार करण्याची रीत १९०२ साली जाहीर केली आणि ते स्वस्त झालं. तेव्हा कुणी “आत सतरा माणकं आहेत” म्हणून जास्त पैसे मागितले तर भुलू नका, आणि ती काढून अंगठीत बसवायचा विचारही करू नका! त्यांचं काम शोभेचं नाही. चाकांच्या पोलादी टोकांना फिरायला गुळगुळीत आणि न झिजणारी जागा हवी असते, ती हे माणिक देतं. आपल्या जात्याच्या खुंट्याला जसं जपावं लागतं, तसाच प्रकार.

ह्या सगळ्याच्या मधोमध एक बारीक चक्र असतं. त्याला बॅलन्स म्हणतात. केसाहून नाजूक अशा गुंडाळलेल्या स्प्रिंगच्या जोरावर ते उजवीकडे-डावीकडे झोके घेतं. घड्याळाची टिकटिक होते ती त्याच्या झोक्यांवर. अशा घड्याळात सेकंदाला पाच ठोके पडतात. हिशेब करून पाहा. तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,००० आणि वर्षाला पंधरा कोटींच्या वर. आणि ह्या सगळ्या मेहनतीचा मोबदला काय, तर रोज सकाळी आपण दिलेली एक चावी.

आता तुम्ही म्हणाल, इतकं करून वेळ तरी बरोबर दाखवतं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर सेलवरचं साधं घड्याळही ह्याच्यापेक्षा अचूक असतं. आमचं ‘जनता’ दुरुस्त झाल्यावर दिवसाला अर्धं मिनिट पुढे जातं. पण अर्धं मिनिट म्हणजे किती? दिवसाचे ८६,४०० सेकंद, त्यातले तीस. नऊवारी लुगडं मोजताना तीन मिलिमीटरांहूनही कमी फरक पडावा, एवढी ही चूक. कापडाच्या दुकानात आपण ह्याला चूक म्हणणार नाही.

तबकडीवर आणखी एक शब्द असतो, ‘पॅराशॉक’. त्याचा अर्थ मला सासूबाईंनी समजावला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हादरे आपल्याकडेही जाणवले. अंधारात सगळे बाहेर पळाले आणि कुणाचा तरी धक्का लागून कोनाड्यातलं घड्याळ फरशीवर पडलं. काच तडकली, पण टिकटिक थांबली नाही. कारण बॅलन्सच्या दोन्ही टोकांवरचं माणिक स्प्रिंगवर बसवलेलं असतं. धक्का बसला की ते किंचित मागे सरतं आणि पुन्हा जागेवर येतं, म्हणून बारीक टोक मोडत नाही.

ही गोष्ट खरी असल्याचा पुरावा काकांनी मला झाकणाच्या आतल्या बाजूला दाखवला. घड्याळ दुरुस्त करणारे लोक पुष्कळदा तिथं सुईनं तारीख किंवा आपली खूण कोरून ठेवतात. आमच्या झाकणात तीन खुणा होत्या: ८१, ८८ आणि ९३. घरी आल्यावर मी हे आकडे सासूबाईंना वाचून दाखवले. ८१ म्हणजे थोरल्या दिराचं नाव शाळेत घातलं ते साल. ८८ ला पावसात भिजलं होतं. ९३ भूकंपाचं. घरातल्या कुठल्याच कागदावर जे लिहिलेलं नव्हतं, ते ह्या झाकणात होतं.

म्हणूनच म्हणते मैत्रिणींनो, ‘नवं करून द्या’ म्हणू नका. आता ह्या कामाच्या काही व्यवहारी गोष्टी सांगते. कागदावर उतरवून ठेवल्यात तरी चालेल.

दुरुस्तीला देताना आधी घड्याळाचे पुढून-मागून फोटो काढा. मोबाइलचा एवढा तरी उपयोग करा! दुकानात स्पष्ट सांगा: डायल, काटे, झाकण बदलायचं नाही, जुना काढलेला प्रत्येक भाग पुडीत घालून परत पाहिजे. खर्च आधी विचारा. पुष्कळदा बिघाड काहीच नसतो, आतलं तेल सुकून चिकट झालेलं असतं. उघडून, धुऊन, नवं तेल घातलं की घड्याळ चालतं. वापरात असलं तर चार-पाच वर्षांनी एकदा हे करून घ्यावं. आणि झाकण उघडतील तेव्हा स्क्रूंच्या खाचांकडे पाहा. खाचा फाटलेल्या असतील तर आधी कुणा आडदांड हातानं ते उघडलेलं आहे.

चावी रोज ठरावीक वेळी द्या. सकाळच्या चहाबरोबर दिली की लक्षात राहतं. देताना घड्याळ हातातून काढून घ्या, म्हणजे किल्लीच्या दांडीवर तिरका ताण येत नाही. घट्ट लागलं की थांबा. जोर करायचा नाही.

ह्या जुन्या घड्याळांची ‘काच’ बहुधा काच नसून प्लॅस्टिक असतं. ओरखडे पडले असतील तर मऊ सुती फडक्यावर थोडी पांढरी टूथपेस्ट घेऊन हलक्या हातानं गोल गोल चोळा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. ओरखडे बरेच निघतात. खऱ्या काचेवर हा उपाय चालत नाही. किल्लीच्या कडेनं पेस्ट आत जाणार नाही एवढं पाहा.

पाण्यापासून जपा. भांडी, धुणं, कुकरची वाफ ह्यांच्या वेळी काढून ठेवा. हळद, मिरची दळताना तर नक्कीच, कारण ती पूड किल्लीच्या फटीतून आत शिरते. लोहचुंबकाशीही त्याचं वैर आहे. रेडिओचा स्पीकर, फ्रिजच्या दाराची कड, चुंबकाच्या बटणाची पर्स ह्यांच्यापाशी ठेवू नका. घड्याळ एकाएकी फार पुढे जायला लागलं तर ती नाजूक स्प्रिंग चुंबकानं धरली असण्याची शक्यता असते. घड्याळजी ते क्षणात उतरवून देतात.

आणि कुणी नवीन विकत घ्यायच्या विचारात असेल तर सांभाळून. जुनी एचएमटी म्हणून रंगीबेरंगी डायलची घड्याळं आता पुष्कळ विकायला असतात. त्यांतल्या बऱ्याच डायली मागाहून रंगवलेल्या असतात. भिंगातून अक्षरं पाहा. जाड, पसरट, वाकडी अक्षरं दिसली तर समजा. थोडी डागाळलेली पण मूळची तबकडी केव्हाही चांगली.

आता राहिली शेवटची गोष्ट. घड्याळ चालू झालं तेव्हा काकांनी विचारलं, “पट्टा कुणाच्या हाताचा घालू?” मी आपली गडबडले. यजमानांच्या, असं तोंडात आलं होतं. मग म्हटलं, उद्या सांगते.

घरी सासूबाईंना विचारलं. मामंजी होते तोवर रोज पहाटे त्या घड्याळाला चावी देत. मामंजी आंघोळीला गेले की कोनाड्यातून घ्यायचं, चावी द्यायची, पदरानं पुसून परत ठेवायचं. पस्तीस वर्षं, २००९ साली ते जाईपर्यंत. पण मनगटावर कधी बांधलं नाही. “बांधलं असतं तर लोक म्हणले असते, मास्तरीण झाली का काय,” असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, “मग आता बांधता का?” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझ्या बापाच्या शेळ्या हायेत त्या. बांधते.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या मनगटाचं माप दोऱ्यानं घेऊन गेले. पुरुषी घड्याळ त्यांच्या बारीक हातावर मोठं दिसतं, पट्ट्याला दोन भोकं जास्तीची पाडावी लागली. पण दिसू दे. आमच्या घरात आता सकाळी साडेपाचला चावीची कर्रकर्र ऐकू येते आणि तबकडी अजून पिवळीच आहे.

तेव्हा कळमनुरीच्या ताई, तुमच्या पेटीतल्या घड्याळाचं झाकण उघडतील तेव्हा तुम्ही स्वतः समोर बसा. आतल्या बाजूला काही कोरलेलं आहे का पाहा आणि मला जरूर कळवा. मुलालाही बरोबर न्या. भिंग त्याच्या हातात द्या, मग ‘हे कशाला’ असं तो पुन्हा विचारतो का पाहू या.

पुढच्या आठवड्यात पितळी भांडी आणि कल्हई.